खळाळत्या पाण्यातला मासा

महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, माहुली, कराड ओलांडून सांगलीकडे उतरते. सातारा जिल्ह्यातल्या तिच्या पात्रात ‘बालिटोरा लॅटिकौडा’ हा जेमतेम बोटाएवढा मासा आढळतो. भोईटे, जाधव आणि डहाणूकर या संशोधकांनी २०१२ मध्ये त्याची स्वतंत्र जाती म्हणून नोंद केली. शतकानुशतकं घाट बांधून पुजलेल्या नदीतला हा मासा विज्ञानाला इतका उशिरा कळला!

त्याचं घर म्हणजे खळाळ. उथळ पाणी दगडगोट्यांवरून फेसाळत धावतं, ती जागा. मासा हातात घेऊन उलटा केला की पोट सपाट दिसतं, तोंड खालच्या बाजूला आणि ओठांजवळ आखूड मिशा. छातीचे आणि पोटाचे पर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले असतात. पर दगडावर टेकवून तो प्रवाहात टिकून राहतो. तळालगत घर्षणामुळे पाण्याचा वेग कमी होतो, त्याचाही त्याला फायदा मिळतो. दगडावरचं शेवाळ आणि त्यात दडलेले कीटक खरवडून तो पोट भरतो. फेसाळत्या पाण्यात हवा सतत मिसळत असल्यानं प्राणवायूची ददात नसते.

म्हणूनच ‘धरणात पाणी भरपूर आहे, मग माशांना काय कमी?’ हा समज चुकीचा ठरतो. बंधाऱ्यामागे पाणी तुंबलं की खळाळ बुडतो. गाळ खाली बसतो, दगडांमधल्या फटी बुजतात, शेवाळावर चिखलाचा थर चढतो. अशा संथ पाण्यात तिलापियासारखे बाहेरून आलेले मासे फोफावतात, पण खळाळातल्या माशाला तिथं थारा नाही. वाळू-गोटे उपसले तर घराचा पायाच जातो. सांगलीकडे उतार कमी झाल्यानं नदी मुळातच संथ होते. त्यामुळे वरच्या अंगाला उरलेला प्रत्येक खळाळ मोलाचा आहे.

नदीचं आरोग्य फक्त पाणीपातळीवरून ठरवणं आता थांबवायला हवं. वाई ते सांगली कुठं किती खळाळ शिल्लक आहेत, त्यांची नोंद व्हावी, तिथला उपसा बंद व्हावा आणि उन्हाळ्यातही ते वाहते राहतील एवढं पाणी सोडलं जावं. वाहतं पाणी हा या माशाचा हक्कच आहे, आणि तो आपण राखलाच पाहिजे.