सावलीची भीती

मुलांनो, आपल्या मॉरिशसमध्ये नोव्हेंबर ते मे हे चक्रीवादळांचे दिवस. वादळात कधी कधी वीज जाते. मग घरात मेणबत्ती लावतात. भिंतीवर मोठी सावली पडते. ती पाहून तुमचा लहान भाऊ घाबरला, तर त्याला हसू नका. 'भित्रा' म्हणून चिडवू नका. त्याला जवळ घ्या. आपले शरीर उजेड अडवते, म्हणून सावली पडते, हे त्याला सांगा.

दुसऱ्या दिवशी टॉर्च लावून हाताची सावली पाडून दाखवा. हात टॉर्चजवळ नेला, की सावली मोठी होते. भिंतीजवळ नेला, की लहान होते. मग भावालाही हात हलवू द्या. भीती एका दिवसात जात नाही. रोज थोडा वेळ हा खेळ खेळा. सावली आपल्याच हाताप्रमाणे हलते, हे कळले की भीती हळूहळू कमी होते.