दोन नळकांड्यांची नौका व उपसागरावरील वारा

काठावरून पाहणाऱ्यास पाँटून-नौका ही नौका वाटतच नाही. दोन लांब, पोकळ, हवाबंद नळकांडी समांतर ठेवून त्यांवर फळ्यांचा सपाट मंच बसवावा, भोवती कठडा बांधावा, वर कापडी छत ताणावे आणि पिछाडीस एक यंत्र लावावे, की ती सिद्ध झाली. एखाद्या घराची ओसरीच पाण्यावर निघाली आहे असा भास व्हावा! अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या अँब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्याने १९५१ च्या सुमारास पोलादी पिंपे टोकास टोक लावून जोडली व त्यांवर लाकडी मंच बसविला. आजच्या पाँटून-नौकांचा वंश तेथून सुरू झाला असे मानतात. मिनेसोटात सरोवरे हजारोंनी आहेत, समुद्र मात्र नाही. पुढे ही नौका सरोवर सोडून समुद्रकाठच्या उपसागरांवरही गेली, आणि तेथील पाण्याचा स्वभाव निराळा असतो.

शांत पाण्यावर तिच्याइतकी निश्चल नौका क्वचितच आढळेल. साध्या होडीत कोणी एका बाजूस सरकला तर होडी लगेच कलते; पाँटून-नौकेवर मुले इकडून तिकडे धावली तरी मंच फारसा हलत नाही. याचे कारण सोपे आहे. वस्तू जितके पाणी बाजूस सारते तितक्या पाण्याच्या वजनाइतक्या प्रेरणेने पाणी तिला वर लोटते, हा आर्किमिडीजचा नियम. नौका उजवीकडे कलू लागताच उजवे नळकांडे अधिक बुडते व डावे वर येते. म्हणजे वर लोटणारी प्रेरणा उजवीकडे वाढते, डावीकडे घटते. दोन्ही नळकांडी मध्यरेषेपासून दूर असल्यामुळे या फरकाला तरफेचा लांब दांडा मिळतो आणि नौका चटकन सरळ होते.

परंतु या स्थैर्याला एक मर्यादा आहे, आणि ती नौकेवरील माणसांना आधी जाणवत नाही. समजा, प्रत्येक नळकांडे ६ मीटर लांब व ६० सेंटिमीटर व्यासाचे आहे. त्याचे आकारमान सुमारे १,७०० लिटर भरते. अर्थात ते पूर्ण बुडाले तर गोड्या पाण्यात सुमारे १,७०० किलोग्रॅम भार उचलते. नौका, यंत्र व माणसे मिळून वजन तेवढेच असेल तर दोन्ही नळकांडी अर्धी बुडालेली राहतील. आता वाऱ्याने नौका एका कुशीवर रेटली, तर ज्या क्षणी वाऱ्याकडचे नळकांडे पाण्याबाहेर येते त्याच क्षणी दुसरे पूर्ण बुडते. नळकांड्यांच्या मध्यरेषांत १.८ मीटर अंतर असल्यास हे सुमारे २० अंशांच्या कलास घडते. येथवर नौकेचा प्रतिकार वाढत आलेला असतो. येथून पुढे तो घटू लागतो. बुडलेले नळकांडे आणखी बुडू शकत नाही, आणि हवेत उचललेल्या नळकांड्याजवळ देण्यासारखे काही उरलेले नसते.

आता याच नौकेवर ३४० किलोग्रॅम, म्हणजे चार-पाच माणसांचा, अधिक भार घाला. वजन एक-पंचमांशाने वाढले. नळकांडी अर्ध्याहून अधिक बुडाली, त्यांत राखीव जागा कमी उरली. वाऱ्याने नौका कलंडू लागताच खालचे नळकांडे पूर्ण बुडते, पण उरलेला भार पेलण्यासाठी वरचेही पाण्यातच राहते व तेथून नौकेला विरुद्ध बाजूने उचलत राहते. गणित केल्यास नळकांड्यांची नौकेला सरळ करण्याची कमाल शक्तीही सुमारे एक-पंचमांशाने घटते असे दिसते. त्यात माणसे उभी राहिली तर गुरुत्वमध्य वर चढतो व नुकसान आणखी होते. जड वस्तू अधिक स्थिर, ही जमिनीवरची समजूत येथे अगदी उलटी पडते.

सरोवर व उपसागर यांतील भेद वाऱ्याच्या धावेत आहे. वारा मोकळ्या पाण्यावरून जितका लांब वाहतो तितक्या लाटा मोठ्या होतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागर दक्षिणोत्तर सुमारे ३२० किलोमीटर पसरलेला आहे आणि त्याची सरासरी खोली मात्र साडेसहा मीटरांच्या आसपास. उन्हाळ्यात दक्षिणेचा वारा या लांबीवरून सरळ वर येतो. अशा पाण्यात उंच, संथ लाटा न उठता आखूड व खड्या लाटा उठतात. दोन ते अडीच सेकंदांनी येणाऱ्या लाटेची लांबी सहा ते दहा मीटर असते, म्हणजे जवळजवळ नौकेइतकीच. एका माथ्यावर पिछाडी चढते तेव्हा नाळ पुढच्या खळग्यात शिरते, आणि मंचावर पाणी येते. भरती-ओहोटीचा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध असेल तर लाटा आणखी खड्या होतात.

वाऱ्याचा स्वतःचा दाबही थोडा नव्हे. त्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्याने छताच्या व कठड्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर जेवढा रेटा बसतो, त्याच्या चौपट रेटा २० मीटर वेगाच्या झोतात बसतो. कापडी छत हे अशा वेळी न मागितलेले शीडच होय.

या सर्व गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते, हे बाल्टिमोर बंदरात दिसून आले. हे बंदर चेसापीकच्याच एका फाट्यावर आहे. ६ मार्च २००४ रोजी दुपारी ‘लेडी डी’ नावाची प्रवासी पाँटून-नौका २३ प्रवासी व २ नाविक घेऊन फोर्ट मॅकहेन्रीहून फेल्स पॉइंटकडे निघाली. वाटेत अकस्मात वादळी वारा सुटला व नौका उलटली. जवळच्या नौदल केंद्रातील सैनिकांनी मोठी नौका नेऊन अनेकांना वाचविले. पाच प्रवासी मात्र दगावले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली, तेव्हा दोष केवळ वाऱ्याचा नव्हता असे आढळले. नौकेला २५ माणसांची परवानगी होती. पण ती देताना प्रत्यक्ष चाचणी दुसऱ्याच एका नौकेची झाली होती. दोन्ही एकाच घडणीच्या आहेत असे चुकीने गृहीत धरले गेले होते. शिवाय हिशेबात प्रत्येक माणसाचे सरासरी वजन १४० पौंड धरलेले, आणि त्या दिवशी नौकेवर असलेल्यांचे सरासरी वजन सुमारे १६८ पौंड. म्हणजे सुमारे ७०० पौंडांचा, किंवा ३२० किलोग्रॅमचा, भार कागदावर नव्हताच. १४० हा आकडा कित्येक वर्षांपूर्वीच्या माणसांचा होता. माणसे बदलली, आकडा तसाच राहिला. पुढे तेथील तटरक्षक दलाने प्रवासी नौकांसाठी हे गृहीत वजन १८५ पौंड केले. डिसेंबर २०११ पासून तो नियम लागू झाला आणि अनेक नौकांवरील प्रवाशांची अनुज्ञेय संख्या त्यामुळे कमी झाली.

स्वतःची लहान पाँटून-नौका घेऊन उपसागरावर जाणाऱ्यास यातून बराच बोध घेता येतो. जाणते नाविक सकाळीच निघतात; ऊन चढल्यावर जमीन पाण्याहून लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. लाटांवर तुरळक पांढरा फेस दिसू लागला म्हणजे वारा बोफोर्ट मापकाच्या तिसऱ्या पायरीवर आला. फेस जागोजागी दिसू लागला की चौथ्या पायरीवर, आणि तेव्हा लहान पाँटून-नौकेने किनारा गाठलेला बरा. जाताना वाऱ्याच्या तोंडावर व येताना त्याच्या पाठीवर, असा मार्ग आखणे सोयीचे. दमलेल्या माणसांना परतताना लाटांशी झुंजावे लागत नाही. तथापि पाठीवरच्या लाटांतही वेग बेताचाच ठेवावा लागतो, नाही तर नाळ पुढच्या लाटेच्या पाठीत घुसते. समोरच्या लाटा थोड्या तिरक्या घ्याव्यात, आडव्या कधीही नव्हेत. माणसांनी मंचाच्या मध्यभागी, किंचित मागे बसावे. पुढच्या फाटकाबाहेर पाय सोडून बसण्याचा मोह पुष्कळांना होतो. तेथून घसरलेला मनुष्य थेट नौकेखाली, पिछाडीच्या पंख्याच्या वाटेवर जातो. वारा वाढताच छत मिटवावे आणि तरणजाकिटे आधीच अंगावर असावीत, कारण कललेल्या मंचावर ती शोधण्यास अवसर नसतो. नांगर टाकावा तो नाळेकडून, खोलीच्या पाच ते सातपट दोर सोडून.

सर्वांत अवघड काम धक्क्याला लागण्याचे. खोल कणा नसल्यामुळे वारा या नौकेला पाण्यावर पानासारखी बाजूला सरकवतो. म्हणून शक्य असेल तेव्हा वाऱ्याला तोंड देऊन, अगदी मंद गतीने धक्क्याजवळ यावे. अंदाज चुकलाच तर वारा नौकेला धक्क्यापासून मागे मोकळ्या पाण्यात लोटतो आणि दुसरा प्रयत्न करता येतो.