विषाचें माप कोठें घ्यावें?

शेतांतील फवारणीचें विष मोजावयाचें म्हणजे डब्यावरील चिठ्ठी वाचून एकरीं किती औषध पडलें तें सांगावें, असा सामान्य समज आहे. पण हा हिशेब शेताचा झाला, माणसाचा नव्हे. एकाच शेतांत, एकाच दिवशीं, एकच औषध फवारणाऱ्या दोन गड्यांपैकीं एक सायंकाळीं धडधाकट घरीं परततो, आणि दुसऱ्यास घेरी येते, वांत्या होतात. चिठ्ठी दोघांना सारखीच होती. मग माणसाच्या वांट्यास आलेलें विष मोजावयाचें तरी कोठें?

उग्र वास नाकांत जातो, तेव्हां विषही नाकावाटेंच जात असलें पाहिजे, असें वाटणें साहजिक आहे. ह्या समजुतीस कसोटी लावण्याची रीत विल्यम डरहॅम व होमर वुल्फ ह्या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९६२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत सविस्तर मांडली. रीत अगदीं साधी. मजुराच्या खांद्यांवर, छातीवर, पाठीवर, मांड्यांवर शोषक कागदाच्या लहान घड्या चिकटवावयाच्या. ठराविक वेळ काम झालें कीं त्या सोडवून त्यांत किती विष उतरलें तें काढावयाचें, आणि त्या त्या अवयवाच्या क्षेत्रफळाच्या मानानें हिशेब करावयाचा. पंजे मद्यार्कानें धुवून तें धुवण तपासावयाचें, आणि श्वासाचें माप मुखवट्यांतील गाळणीवरून घ्यावयाचें. अशा मोजण्यांतून वारंवार असें दिसून आलें कीं, सामान्य फवारणींत त्वचेवर बसणारें विष श्वासावाटे जाणाऱ्या विषाहून कितीतरी पट अधिक असतें. नाकाला रुमाल बांधून उघड्या अंगानें फवारणारा गडी लहान दार लावून घेतो आणि मोठें सताड उघडें टाकतो.

त्वचाही सगळीकडे सारखी नसते. पॅराथिऑन नांवाच्या जालीम कीटकनाशकासंबंधीं १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, कोपराखालील हातावर लावलेल्या मात्रेपैकीं शेंकडा ९ हूनही कमी भाग शरीरांत शिरला. डोक्याच्या त्वचेंतून शेंकडा ३२, कपाळांतून ३६ आणि काखेंतून तर ६४. घामानें निथळणारें कपाळ विषाच्या हातानें पुसणें किती महागांत पडतें, तें ह्यावरून दिसेल.

परंतु कागदाची घडी अंगावर काय पडलें तेवढेंच सांगते, आंत काय गेलें तें नव्हे. त्यासाठीं लघवी तपासतात; कारण ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गांतील बहुतेक विषें शरीरांत मोडून त्यांचे अवशेष दोनचार दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतात. कॅलिफोर्नियांतील सॅलिनस खोऱ्यांत, शेतमजुरांच्या वस्त्यांतून, बर्कले येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं १९९९ व २००० सालीं सुमारें ६०० गर्भवती स्त्रियांची अशी तपासणी आरंभिली. पुढें त्यांच्या मुलांची सातव्या वर्षीं बुद्धिमापनपरीक्षा घेतली. सर्वांत अधिक अवशेष आढळलेल्या पंचमांश मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक, सर्वांत कमी अवशेषांच्या पंचमांशाहून सरासरी ७ गुणांनीं कमी भरला, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं हें खरें. तरी तें दुर्लक्ष करण्याजोगेंही नाहीं. लघवीच्या मापांत मात्र एक खोड आहे. तें काल-परवांचेंच सांगतें; शिवाय भाजीफळांवरून पोटांत गेलेल्या औषधाचे अवशेषही त्यांतच मिसळतात. शेत कधीं न पाहिलेल्या शहरांतील मुलाच्या लघवींतही ते सांपडतात.

राहिलें रक्त. ह्याच वर्गाचीं विषें कोलिनेस्टरेज नांवाच्या द्रव्यास निकामी करतात. मज्जातंतूनें स्नायूस धाडलेला निरोप पोंचला कीं तो पुसून टाकणें, हें ह्या द्रव्याचें काम. तें थांबलें म्हणजे निरोप चालूच राहतो. लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, स्नायू फडफडतात आणि शेवटीं श्वास अडतो. रक्तांत हें द्रव्य किती उरलें तें मोजतां येतें. पण निरोगी माणसांतही त्याचें प्रमाण इतकें निरनिराळें असतें कीं, एखाद्याचें एकतृतीयांश नष्ट होऊनही त्याचा आंकडा सामान्य मर्यादेंतच दिसावा. म्हणून कॅलिफोर्नियांत १९७४ पासून असा नियम आहे कीं, अशीं औषधें नेहमीं हाताळणाऱ्या मजुराचें रक्त कामास लागण्यापूर्वींच तपासून ठेवावयाचें. पुढें लाल पेशींतील प्रमाण त्याच्या मूळच्या आंकड्याच्या ७० टक्क्यांवर किंवा त्याखालीं आलें, तर त्याला त्या कामावरून हलवावयाचें, आणि ८० टक्क्यांपर्यंत भरून आल्यावांचून परत घ्यावयाचें नाहीं. येथें तुलना इतरांशीं नसून त्या माणसाच्या स्वतःच्याच आधींच्या स्थितीशीं असते.

२०१७ च्या पावसाळ्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेंकडों शेतकरी व मजूर विषबाधेनें आजारी पडले, आणि विसांहून अधिक दगावले. त्या वर्षीं कपाशी पुरुषभर उंच वाढली होती. पंपाची नळी वर धरावी लागे, आणि तुषार कपाळावर, मानेवर, काखेंत उतरत. वर सांगितलेले १९७१ चे आंकडे येथें आठवावेत. मजुरांच्या रक्ताची मोसमापूर्वीं नोंद ठेवण्याची रीत आपल्याकडे रूढ नाहीं. रोजंदारीचा गडी आज एकाच्या शेतांत तर उद्यां दुसऱ्याच्या. नोंद ठेवावी कोणीं, मालकानें कीं सरकारनें, हेंच ठरलेलें नसतें. रुग्णालयांत आणलेल्या माणसाचें रक्त तपासतां येतें. पण त्याच्या रक्तांत जूनमध्यें किती कोलिनेस्टरेज होतें, हें ऑक्टोबरांत कोणत्याही प्रयोगशाळेस काढतां येत नाहीं.