ऐकू येतंय का? ओव्हर!

2024च्या ऑक्टोबरातली गोष्ट. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात लेकीकडे मुक्कामाला होतो. एका रविवारी जावई, सोळा वर्षांचा नातू आणि मी असे तिघे एका भल्या मोठ्या दुकानात गेलो. भिंतीवर वॉकीटॉकीच्या जोड्या टांगून ठेवल्या होत्या. त्यातल्या एका खोक्यावर ठळक आकडा होता, ‘36 मैल’. नातवाने नेमके तेच उचलले. मी ते त्याच्या हातातून घेऊन हळूच परत टांगले.

खरेदी कशासाठी चालली होती, हे सांगायला थोडा संकोच वाटतो. नोव्हेंबरात तिकडे हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. आमचे घर माळकरी. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार उरली ती गोष्टींच्या पुस्तकांत. पण जावयाच्या घरी हा हंगाम आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला. रीतसर परवाना काढायचा, भडक नारिंगी कपडे घालायचे, मिळालेले मांस हिवाळाभर पुरवायचे. मी त्यात वाद घातला नाही. मात्र यंदा नातू पहिल्यांदाच वडिलांपासून दूर, स्वतःच्या मचाणावर एकटा बसणार होता आणि त्या जंगलात मोबाइलला रेंज नव्हती. लेक मला एवढेच म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही उभा जन्म वायरलेसवर काढलात. याचा आवाज आपल्यापर्यंत पोचेल असं काहीतरी बघून द्या.’’

पाटबंधारे खात्यात मी धरणावरच्या बिनतारी संचावर तीस वर्षे नोकरी केली. पावसाळ्यात दर तासाला पाण्याची पातळी कळवायची. तेव्हा या कामात अधिकारवाणीने बोलायचा हक्क मला आहे, असे मला वाटत होते. ते किती खरे, हे पुढे कळेलच.

नातवाला आधी त्या 36 मैलांचा अर्थ सांगितला. या संचांच्या लहरी सरळ रेषेत जातात. एक माणूस डोंगरमाथ्यावर, दुसरा खालच्या मोकळ्या खोऱ्यात आणि मध्ये काही नाही, अशा वेळचा तो आकडा. दाट झाडी, ओली पाने आणि मधला एखादा उंचवटा आला की मैल-दीड मैलावर भागवावे लागते. ताकद दुप्पट केली म्हणून अंतर दुप्पट होत नाही. दहा फूट उंच जागा मिळाली तर त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

अमेरिकेत बिनपरवाना वापरायचे जे साधे कौटुंबिक संच मिळतात, त्यांना 22 चॅनेल असतात. पण सगळे चॅनेल सारखे नसतात. 8 ते 14 या चॅनेलवर अर्ध्या वॉटचीच मुभा आहे, बाकीच्यांवर दोन वॉटची. कित्येक जण अजाणता आठव्या-नवव्या चॅनेलवर बोलत राहतात आणि संचाला नावे ठेवतात. याहून थोर भावंड म्हणजे परवान्याचे संच. हातातला संच साधारण पाच वॉटचा मिळतो. परवान्याला परीक्षा नाही, फी 35 डॉलर, मुदत दहा वर्षे, आणि एकाच्या परवान्यावर सगळे कुटुंब बोलू शकते. त्या कुटुंबात सासुरवाडीची माणसेही धरली आहेत! जावयाने परवाना काढला आणि सासरेबुवा कायदेशीर झाले.

मग बाकीच्या गोष्टी पाहिल्या. हातमोजे घालूनही दाबता येतील अशी बटणे, पाण्याने बिघडणार नाही असे आवरण, आवाज बाहेर फुटू नये म्हणून कानात घालायचे बोंडूक. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादा बॅटरी अंगालगत आतल्या खिशात ठेवायची. हवामान खात्याची सूचना ऐकवणारा संच असेल तर उत्तमच. असे तीन संच घेतले. तिसरा माझ्यासाठी, कारण मी त्यांच्या जंगलातल्या लाकडी घरात बसणार होतो.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी पहाटे अंधारातच दोघे निघाले. मी माळ्यावरच्या खिडकीशी संच घेऊन बसलो. आसपास इतर टोळ्याही असल्याने चॅनेलवर कलकल फार होती. म्हणून आदल्या रात्री मीच आग्रहाने तिन्ही संचांना एक ‘प्रायव्हसी कोड’ लावला होता. नाव फसवे आहे. या कोडमुळे आपले बोलणे गुप्त राहत नाही, फक्त दुसऱ्यांचे आपल्याला ऐकू येत नाही. दर तासाच्या ठोक्याला बोलायचे, असे ठरले होते.

नऊच्या सुमारास खिडकीतून एक हरिण दिसले. मोठी शिंगे, पांढरी शेपटी, आणि संथपणे नातवाच्या मचाणाच्या दिशेने चाललेले. काय सांगू, माझ्यासारख्या माळकऱ्याचाही अंगठा बटणावर गेला! नातवाचे पहिले यश माझ्या एका शब्दावर होते. पण मिनेसोटात वॉकीटॉकी किंवा मोबाइल शिकार साधण्यासाठी वापरणे हा गुन्हा आहे. अलास्का आणि माँटाना राज्यांतही असेच नियम आहेत. जनावराकडे नाक, कान आणि पाय एवढेच असतात. माणसाने हातात बंदूक असताना वर आकाशवाणीही करू नये, हा त्यातला न्याय. यंत्र माणसाच्या जिवासाठी आहे. मी अंगठा काढून घेतला. हरिण झाडीत दिसेनासे झाले.

तीनच्या ठोक्याला नातवाचा आवाज आला, ‘‘सगळं ठीक, ओव्हर.’’ चारला आला नाही. मुलगा आहे, विसरला असेल, असे म्हणून मी पाच मिनिटांनी पुन्हा हाक दिली. उत्तर नाही. साडेचारला जावई परतला, त्याचीही हाक वाया गेली. तो बॅटरी घेऊन मचाणापर्यंत धावत जाऊन आला. मचाण रिकामे होते. पावणेपाचला सूर्य बुडाला. हवा शून्याखाली उतरू लागली. जावयाचा चेहरा पाहून मला लेकीचे शब्द आठवले.

माझ्या हातातला संच मुका होता. पण त्यावरचा हिरवा दिवा मधूनच लागत होता, दोन-तीन सेकंद, मग बंद. तीस वर्षांची नोकरी तेव्हा कामी आली. दिवा लागतो म्हणजे आमच्या चॅनेलवर कुणीतरी बोलते आहे आणि कोड जुळत नाही म्हणून माझा संच तोंड उघडत नाही. मी कोड शून्यावर नेला आणि खरखरीतून आवाज आला, ‘‘आजोबा, ऐकू येतंय का? मी वाट चुकलोय.’’

जाड हातमोज्यात त्याच्या संचाचे बटण दाबले गेले होते आणि कोड बदलला होता. आता त्याचे मला ऐकू येत होते, माझे त्याला नाही. एकूण 38 कोड. एक लावला, हाक दिली, थांबलो. दोन लावला, हाक दिली, थांबलो. धरणावर पुराच्या रात्रीसुद्धा माझा हात असा कापला नव्हता. सतराव्या कोडला उत्तर आले. ‘‘आजोबा!’’ पुढे ‘ओव्हर’ म्हणायचे तो विसरला आणि मीही.

त्याला म्हटले, आहेस तिथून हलू नकोस. जावयाने मोटारीचा भोंगा तीनदा वाजवला. आवाज कोणत्या बाजूने येतो, ते नातवाने सांगितले. त्या उलट दिशेने, एका हातात संच आणि दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन जावई निघाला. जखमी हरणाच्या नव्हे, नुसत्या पाऊलखुणांच्या मागे पोरगा मचाणावरून उतरून ओढ्यापर्यंत गेला होता. साडेसहाला दोघे घरी आले.

दोष कुणाचा? संचाचा नव्हे. बटणांना कुलूप लावायची सोय त्यात होती, ती मी लावली नव्हती. हिरव्या दिव्याचा अर्थ मला ठाऊक होता, तो मी नातवाला सांगितला नव्हता. संच निवडताना मी वॉट आणि मैल मोजत बसलो. वेळ चुकली तर काय करायचे, कोणत्या मोकळ्या चॅनेलवर जायचे, किती वेळाने जागेवरच थांबायचे, हे घरात बसून ठरवायला हवे होते. दुसऱ्या दिवशी ते ठरवले आणि कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात घातले.

परत निघताना जावई एक जोडी मला भेट देऊ लागला. सह्याद्रीत भटकणाऱ्या माझ्या पुतण्यांना उपयोग होईल, असे त्याला वाटले. मी हात जोडले. आपल्याकडे 2018च्या नियमांनुसार 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे संच बिनपरवाना चालतात. तिकडचे 462 मेगाहर्ट्‌झचे चालत नाहीत. भटक्यांनी विकत घेताना हे जरूर पाहावे.

आता रविवारी नातवाचा फोन येतो. बोलणे संपले की तो ‘ओव्हर’ म्हणतो आणि फोन न ठेवता थांबतो. माझे ‘ऐकलं रे बाळा’ कानावर पडल्याशिवाय तो फोन ठेवत नाही.