पाऊस गेला म्हणताना: सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, सावली आणि महीकाठचं हवामान

मंडळी, नवरात्र तोंडावर आलं की दरवर्षी तोच प्रश्न येतो. पाऊस गेला ना आता? होडी निर्धास्त काढायची ना? तळ्यात ओढजाळं कधी घालायचं? म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहितो आहोत. महीत जाळं टाकणारे, गावतळी ठेक्याने घेतलेले आणि दोन्हीकडे हात असलेले, सगळ्यांनीच वाचा.

आधी तारखांचं बघू. हवामान खात्याच्या हिशोबाने मान्सून वायव्य राजस्थानातून १७ सप्टेंबरच्या सुमारास मागे फिरायला लागतो आणि मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या आसपास निघतो. आपण या दोन्हींच्या मधले, त्यामुळे आपल्याकडे सप्टेंबर संपता संपता तो निघाला असं धरायचं. पण ही सरासरी आहे, रेल्वेचं टाइमटेबल नव्हे.

२०२३ आठवा. तो ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आपल्याकडेही लोकांनी पावसाची आशा सोडली होती. आणि सप्टेंबरच्या मध्यावर, १६-१७ तारखेला, वरच्या भागात असा कोसळला की मही आणि नर्मदा दोन्ही फुगल्या. सरदार सरोवर काठोकाठ भरलं, भरुचमध्ये पाणी शिरलं आणि महीकाठच्या गावांना सावधानतेचे इशारे आले.

यातली मेख समजून घ्या. मही आपल्या डोक्यावरच्या पावसाने वाढत नाही. ती मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात उगवते, राजस्थानात बांसवाड्याकडून फिरून येते आणि मग गुजरातेत उतरते. वाटेत बांसवाड्याचं माही बजाज सागर, मग कडाणा, मग वणाकबोरीचा बंधारा, आणि त्याच्या खाली आपण. जुलैमध्ये वर मोठा पाऊस झाला तरी कडाण्यात जागा असते, बरंचसं पाणी धरण पोटात घेतं. चांगल्या पावसाच्या वर्षी सप्टेंबरअखेर तेच धरण भरत आलेलं असतं. मग वरून आलेलं पाणी ठेवायला जागाच उरत नाही, ते पुढे सोडावंच लागतं. म्हणजे जुलैतल्या पावसापेक्षा सप्टेंबरअखेरचा कमी पाऊससुद्धा आपल्याला जास्त पाणी दाखवू शकतो. सावलीत कडक ऊन पडलेलं असतं, ढगाचा पत्ता नसतो, आणि दुपारपर्यंत पात्रातलं बेट पाण्याखाली जातं.

म्हणून या दिवसांत आकाशाकडे एकदा बघा आणि कडाण्याच्या बातमीकडे दोनदा. दरवाजे उघडल्याची बातमी आली की पाणी आपल्यापर्यंत यायला काही तास मिळतात. तेवढ्यात जाळी काढायची, होडी वर ओढून झाडाला बांधायची, आणि बेटावर झोपायला गेलेल्या पोरांना आधी बोलवायचं. रात्री पात्रात मुक्काम करण्याची सवय आपल्यात आहे, ती ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा जाईपर्यंत आवरा. जाळं गेलं तर पुन्हा विणता येतं.

आता विजेबद्दल. सूर्य हस्तात आला (२७ सप्टेंबरच्या आसपास) की पाऊस गडगडत येतो, हे आपल्या म्हाताऱ्यांना कुणी शिकवावं लागत नाही. सकाळभर तापतं, दुपारी तीन-चारला ढग उभे राहतात, तासाभरात सगळं मोकळं. पाऊस थोडा, वीज फार. उघड्या पाण्यावर होडीत उभा माणूस हाच सगळ्यात उंच असतो, हे लक्षात ठेवा. आणि विजेचा धोका हस्त सरला की संपतो असंही नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन थंडीच्या तोंडावर, गुजरातभर अवकाळी पाऊस झाला आणि त्या एका दिवसात राज्यात वीज पडून २० च्या वर माणसं गेली. बहुतेक जण शेतात, उघड्यावर होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने बनवलेलं ‘दामिनी’ ॲप फुकट आहे, ते २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेचा इशारा देतं. घरातल्या एका तरी फोनवर ठेवा, आणि तो फोन पाण्यावर जाणाऱ्याच्या खिशात असू द्या. घरी चार्जिंगला लावलेल्या ॲपचा उपयोग नाही.

समुद्राचं थोडक्यात. आपण समुद्रापासून लांब, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या वादळांचा हंगाम आहे. २०१९ मध्ये ‘क्यार’ आणि त्याच्या मागोमाग ‘महा’ आलं. २००९ चं नोव्हेंबरमधलं ‘फयान’ कोकणातल्या आपल्या नातेवाइकांना अजून आठवतं. वादळ किनाऱ्यापर्यंत आलं नाही तरी त्याचे ढग आपल्यापर्यंत येतात. दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही, वारा पडलेला, हवा कोंदट. महीवाल्यांना त्याचं फार काही नाही. तळेवाल्यांना मात्र हेच दिवस सगळ्यात वाईट.

का ते सांगतो. तळ्यातलं हिरवं पाणी दिवसा उन्हात प्राणवायू बनवतं आणि रात्री मासे, शेवाळ, तळाचा गाळ सगळे मिळून तो खातात. म्हणून पहाटे चार ते सूर्य वर येईपर्यंत पाण्यात तो सगळ्यात कमी. ऊनच पडलं नाही तर दिवसाची कमाई नाही, रात्रीचा खर्च मात्र तोच. तिसऱ्या पहाटे कटला वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतो. त्यात गार पाऊस पडला तर वरचं थंड पाणी खाली बसतं आणि तळाचं कुजकं पाणी वर येतं. सकाळी बघावं तर तळं पांढरं. लोक म्हणतात कुणी विष घातलं. पुष्कळदा विष कुणी घातलेलं नसतं, ढगांनी केलेलं असतं.

तेव्हा ढगाळ हवा दिसली की त्याच दिवसापासून शेण आणि खाद्य बंद. मासा दोन दिवस उपाशी राहून मरत नाही. पंप असेल तर तळ्याचंच पाणी उचलून पहाटे फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. पंप नसेल तर काठावरून बांबूने पाणी झोडपा. विक्रीजोगा मासा असेल तर दाटी कमी करा. अर्धा माल कमी भावात गेलेला परवडतो. जलपर्णीने तळं झाकलं असेल तर ती काढण्याचं काम दसऱ्याआधी उरका, नंतर मजूर कापणीला जातात.

थंडीचं गणितही आत्ताच मांडा. आपल्याकडे ऑक्टोबरात दुपारी ३५-३६ अंश असतं, नोव्हेंबर सरताना पहाट १५ च्या आसपास येते. रोहू, कटला, मृगळ यांची वाढ पाणी २५ ते ३२ अंश असताना जोरात होते. म्हणजे दिवाळीपर्यंतचे दिवस वजन वाढवायचे. त्यानंतर मासा सुस्त होतो, तेवढंच खाद्य टाकत राहिलात तर ते तळाशी कुजणार.

पाणी गार व्हायला लागलं की मरळ आणि मृगळाच्या अंगावर लाल चट्टे दिसतात. हा रोग भारतात १९८८ मध्ये आला आणि बहुधा पावसाळ्यानंतरच्या गारव्यात डोकं काढतो. एक मासा दिसला तरी तो उपटून फेकू नका, मत्स्य विभागाला दाखवा. भुवनेश्वरच्या संस्थेचं ‘सिफॅक्स’ हेक्टरी एक लिटर पाण्यात मिसळून देतात, पण ते आधी विचारून. ज्या तळ्यात रोग दिसला तिथलं जाळं वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात घालायचं नाही. यावर आपल्यात भांडणं झाली आहेत, तरी पुन्हा लिहितो.

आणि मगरी. बडोद्याच्या भागात त्या नव्या नाहीत. गारठा वाढला की त्या दिवसा काठावर ऊन खायला येतात, त्यामुळे ज्या उतारावर पावसाळाभर एकही दिसली नाही तिथे नोव्हेंबरात दिसेल. बायका भांडी घासायला आणि पोरं गळ टाकायला जिथे बसतात ती जागा आधी काठीने तपासा, आणि दिसली तर वन खात्याला कळवा.

हवामान खातं सप्टेंबरअखेर ऑक्टोबरचा आणि पुढच्या महिन्यांचा अंदाज देतं. तो मोठ्या मुलखाचा असतो, आपल्या तळ्याचा नव्हे. रोजच्यासाठी अहमदाबाद केंद्राचा जिल्हावार इशारा बघा. आणि ज्यांचे पाहुणे कडाणा, बालासिनोर किंवा बांसवाड्याकडे आहेत त्यांनी तिकडे मोठा पाऊस झाला की फोन करून विचारा आणि इथे खाली लिहा. किती वाजता कळलं तेही लिहा, म्हणजे मागून वाचणाऱ्याला हिशोब लागेल.