रोज नवं नाव, तरी ओळख तीच

लिनक्स सर्व्हरच्या डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं असतात. गंमत म्हणजे ही नावं त्या डिस्कवर कुठेच लिहिलेली नसतात. ती ज्या 'डेव्ह' फोल्डरमध्ये दिसतात, तोसुद्धा डिस्कवर नसतो. तो मेमरीत असतो. सर्व्हर बंद झाला की पुसला जातो, चालू झाला की नव्यानं मांडला जातो. नावांचा कारभार तर जनरलच्या डब्यासारखा: जो आधी चढला त्याची खिडकी. एखाद्या डिस्कला जागं व्हायला क्षणभर उशीर झाला किंवा एखादी नवी जोडली, की कालची एसडीबी आज एसडीसी होऊन बसते.

मग तीच डिस्क रोज त्याच जागी बिनचूक कशी जोडली जाते?

उत्तर डिस्कच्या पोटात आहे. ईएक्सटी४ प्रकारच्या पार्टिशनमध्ये सुरुवातीचे १०२४ बाइट सोडून द्यायचे; ती जागा बूटसाठी राखलेली. तिथून सुपरब्लॉक सुरू होतो. त्यात आणखी १०४ बाइट पुढे गेलं, की १६ बाइटांचा एक आकडा सापडतो: यूयूआयडी. पार्टिशन फॉरमॅट करताना तो यादृच्छिकपणे काढला जातो. १२८ पैकी १२२ बिट नशिबावर सोडलेले, म्हणजे शक्यता साधारण ५३ वर ३५ शून्यं इतक्या! म्हणून कोणालाही न विचारता, कुठेही नोंदणी न करता काढलेला हा आकडा दुसऱ्या कुणाशी जुळेल ही भीती बाळगायचं कारण नाही. मला यातलं सर्वांत थक्क करणारं हेच वाटतं.

सर्व्हर सुरू होताना यूडेव्ह नावाची सेवा प्रत्येक पार्टिशनचा हा आकडा वाचते आणि त्या आकड्याच्या नावानं एक दुवा तयार करते. तो त्या दिवशीच्या एसडीबीकडे किंवा एसडीसीकडे बोट दाखवतो. 'एफएसटॅब' या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आपण एसडीबी न लिहिता यूयूआयडी लिहिला, की काम झालं. डिस्क दुसऱ्या केबलला लावा, दुसऱ्या सर्व्हरमध्ये न्या, ओळख बदलत नाही.

मात्र त्या ओळीत एक अक्षर चुकलं, तर सर्व्हर उभा करणारी सिस्टमडी ही सेवा नसलेल्या डिस्कची वाट बघत बसते. स्क्रीनवर लाल तारका डावी-उजवीकडे येरझाऱ्या घालतात आणि एरवीच्या सेटिंगनुसार ९० सेकंदांनी सर्व्हर आणीबाणीच्या मोडमध्ये जातो. ज्या डिस्कवाचून अडत नाही, तिच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द घालावा. मग ती नसली तरी सर्व्हर उठतो.

डिस्कची बाइट-न्-बाइट नक्कल केली, की यूयूआयडीचीही नक्कल होते आणि एकाच ओळखीचे दोन मालक उभे राहतात. पार्टिशन ईएक्सटी४ऐवजी एक्सएफएस प्रकारचं असेल, तर पहिली डिस्क जोडलेली असताना एक्सएफएस दुसरीला आत घ्यायला साफ नकार देते. तेव्हा नकलेला नवा यूयूआयडी काढून द्यावा लागतो. त्याला एक कमांड पुरते.