चाचणी कोठे ठेवावी : कोडच्या शेजारी की कोडपासून दूर?

कोड ठरल्याप्रमाणे वागतो की नाही हे आपोआप पडताळून पाहणारा दुसरा कोड म्हणजे चाचणी. ती कशी लिहावी याचा विचार मागील लेखांकात झाला. ती कोठे ठेवावी हा प्रश्न त्या मानाने किरकोळ, निव्वळ टापटिपीचा वाटतो; परंतु एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे ज्या मुक्त स्रोत प्रकल्पात भर घालतात, तेथे चाचणी कोण वाचणार, कोण बदलणार आणि ती मोडली तर दुरुस्ती कोणाच्या अंगावर येणार, हे बरेचसे तिच्या जागेवरूनच ठरते.

काही भाषांनी याचा बराचसा निकाल आधीच लावून ठेवला आहे. गो भाषेत चाचणीची फाइल मूळ फाइलच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये असते आणि नावाच्या शेवटी ‘टेस्ट’ असल्यामुळे नेहमीच्या बांधणीत, म्हणजे कोडपासून चालवण्याजोगा प्रोग्रॅम तयार होताना, ती वगळली जाते. रस्टमध्ये दोन जागा आहेत : कोडच्या फाइलमध्येच तळाशी लिहिलेली चाचणी त्या फाइलमधील खासगी फंक्शनही तपासू शकते, तर स्वतंत्र ‘टेस्ट्स’ फोल्डरमधील चाचणी वेगळा प्रोग्रॅम म्हणून बांधली जात असल्यामुळे तिला बाहेरच्या वापरकर्त्याला दिसते तेवढेच दिसते. पहिली चाचणी आतली रचना बदलताच मोडू शकते. दुसरी मोडली, तर वापरकर्त्याला दिलेला शब्द मोडला असण्याची शक्यता अधिक.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, हेच अंतर अधिक ठळकपणे दिसते. २०२० साली ५.५ या आवृत्तीबरोबर आलेल्या ‘केयुनिट’च्या चाचण्या त्या त्या विभागाच्या कोडजवळ राहतात आणि गाभ्याच्या आतूनच चालतात, ‘सेल्फटेस्ट्स’ त्याच रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या त्याच सामायिक भांडारात, पण वेगळ्या फोल्डरमध्ये असून प्रामुख्याने बाहेरून तपासणी करतात, आणि २००० साली सुरू झालेला ‘लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट’ पूर्णपणे स्वतंत्र रिपॉझिटरीत आहे, कारण जुन्यानव्या अनेक कर्नलांवर एकच चाचणीसंच चालवता यावा ही त्याची गरज आहे.

वेगळ्या रिपॉझिटरीची किंमत मात्र मोजावी लागते. दोष दुरुस्त करणारा बदल आणि तो दोष पुन्हा येऊ न देणारी चाचणी एकाच कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या एकाच बदलात, आली की तपासणाऱ्याला दोन्ही एकत्र दिसतात; ती दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी पाठवायची झाली की नवखा योगदानकर्ता बहुधा दुरुस्ती पाठवतो आणि चाचणी राहून जाते. म्हणून एकाच प्रकल्पाच्या वागणुकीशी बांधलेली चाचणी त्याच रिपॉझिटरीत असावी, हेच सयुक्तिक आहे. अनेक प्रकल्पांनी मिळून पाळायच्या नियमांची गोष्ट वेगळी : वेब ब्राउझरांच्या सामायिक ‘वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स’ कोणा एका ब्राउझरच्या घरात ठेवणे उचित नव्हते. तरीही क्रोमियम आणि फायरफॉक्स यांनी त्यांची प्रत आपापल्या कोडजवळ ठेवली असून दोन्हीकडचे बदल आपोआप एकमेकांकडे पोहोचण्याची सोय केली आहे. म्हणजे जवळीक त्यांनाही सोडवली नाही.

कोडजवळच्या जागेला एक धोकाही आहे आणि तो २९ मार्च २०२४ रोजी जगासमोर आला. ‘एक्सझेड’ या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट आढळली, आणि तिचा दडवलेला भाग होता चाचण्यांच्या फोल्डरमधील दोन नमुना फाइलींत. आकुंचन सोडवणाऱ्या साधनाला मुद्दाम बिघडवलेले नमुने लागतातच, ते माणसाला वाचता येत नाहीत, त्यामुळे तेथे न वाचता येणारी फाइल पाहून कोणाला संशय येण्याचे कारण नव्हते. त्या फाइलींतून घातक कोड बाहेर काढणारी बांधणीची पायरी फक्त वितरणासाठी बनवलेल्या गठ्ठ्यात होती, मूळ रिपॉझिटरीत नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना सर्व्हरवरील लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले, म्हणून त्यांनी शोध घेतला आणि ही चोरवाट उघडकीस आली.

यावरून चाचण्या दूर हलवाव्यात असे निष्पन्न होत नाही. चाचणीचा कोड जवळच राहावा. मात्र नमुना फाइली शक्य तेथे वाचता येणाऱ्या स्क्रिप्टने चाचणीच्या वेळी तयार कराव्यात, आणि वापरकर्त्याकडे जाणारी आवृत्ती बांधताना चाचण्यांचे फोल्डर बांधणीच्या यंत्रावर नसावे. ते नसल्यामुळे बांधणी अडली, तर ती त्या फोल्डरमधून काय उचलत होती हे त्याच दिवशी तपासता येते.